प्रेग्नन्सीत ॲलर्जीची सिव्हिअर रिॲक्शन येऊन गेली, पोटातल्या बाळाला काही झालं असेल का?

रानजाई

नमस्कार सगळ्यांना. पोस्ट मोठी होणारे, आधीच सांगते, कारण डोक्यात नुसता गोंधळ चाललाय आणि घरात ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतोय. मला सव्विसावा आठवडा चालू आहे, पहिलंच बाळ. युरिन इन्फेक्शन निघालं म्हणून अँटिबायोटिक दिलं होतं, तेच औषध मी लग्नाआधी कधीतरी घेतलेलं आणि तेव्हा काहीही झालं नव्हतं, त्यामुळे बिनधास्त गोळी घेतली आणि कपडे वाळत घालायला गेले. थोड्या वेळात तळहातांना खाज सुटली, मग कानाच्या पाळ्या गरम वाटायला लागल्या, आरशात बघितलं तर गळ्यावर आणि पोटावर लाल लाल गांधी. मला वाटलं पित्त उठलंय, उतरेल. पण बघता बघता ओठ जाड झाले, आवाज घोगरा यायला लागला, पोटात आणि कमरेत पाळीच्या वेळी येते तशी कळ, आणि उठून उभी राहिले तर डोळ्यांपुढे अंधारी. नवऱ्याने तसंच उचलून गाडीत घातलं.

हॉस्पिटलमध्ये गेल्या गेल्या मांडीत इंजेक्शन दिलं (नंतर कळलं की ते ॲड्रेनलिन), डाव्या कुशीवर वळवलं, ऑक्सिजनचा मास्क, सलाइन. वरचं बीपी ऐंशीच्या खाली होतं म्हणे. थोड्या वेळाने मांडीत परत एक इंजेक्शन. पोटाला पट्टा बांधून बाळाचे ठोके लावून ठेवले होते, ते आधी फास्ट होते आणि मग नॉर्मलला आले. रात्रभर ठेवून घेतलं, दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी केली, सगळं व्यवस्थित आहे म्हणाले आणि घरी सोडलं.

आता माझा जीव अडकलाय तो असा, की माझं बीपी पडलेलं असताना तेवढा वेळ बाळाला ऑक्सिजन कमी मिळाला असेल ना? त्याचा मेंदूवर वगैरे परिणाम झाला असेल तर तो आत्ता सोनोग्राफीत दिसतो का नंतर कळतो? आणि दुसरं म्हणजे ते इंजेक्शन. आमच्या जाऊबाईंचं म्हणणं ॲड्रेनलिन म्हणजे हार्ट बंद पडल्यावर देतात ते औषध, पोटुशी बाईला द्यायलाच नको होतं, साध्या ॲलर्जीच्या गोळीने भागलं असतं. त्या वाईट नाहीत पण हे वाक्य डोक्यातून जात नाहीये. बाळ हालतंय, काल रात्री तर झोपू दिलं नाही. कुणाला अनुभव किंवा माहिती असेल तर प्लीज सांगा.

---

दोन_पिल्लं

अगं रानजाई, आधी एक दीर्घ श्वास घे. बाळ हालतंय, ठोके चांगले, सोनोग्राफी चांगली, मग अर्धी लढाई जिंकलीस. मला तुझ्याएवढं सिव्हिअर काही झालं नाही पण दुसऱ्या वेळी सहाव्या महिन्यात रोज संध्याकाळी अंगावर पित्त उठायचं, मांड्यांवर नकाशे व्हायचे अक्षरशः, डॉक्टरांनी सेटिरिझिन दिलं, बीपी वगैरे कधी हाललं नाही. मुलगी आता शाळेत जाते आणि माझं डोकं खाते. पण तुझं प्रकरण वेगळं आहे, घसा आणि बीपी दोन्ही, त्यामुळे माझा अनुभव तुला लागू होईल असं म्हणत नाही. इथे एक भूलतज्ज्ञ आहेत ते बहुतेक येतील बघ.

---

निद्राराक्षस

आलो. लेबर रूम आणि सिझरच्या टेबलाशीच आयुष्य चाललंय त्यामुळे विषय जवळचा आहे. मुख्य प्रश्नाचं उत्तर आधी देतो म्हणजे पुढचं वाचताना जीव खालीवर होणार नाही. आईचं बीपी लवकर वर आलं, बाळाचे ठोके नॉर्मलला येऊन तिथेच राहिले, नंतरची सोनोग्राफी व्यवस्थित आणि बाळ हालतंय, अशा वेळी बाळाला इजा झाली असेल असं धरून चालायला कारण नसतं. तुमच्या गायनॅकनीही हेच सांगितलंय आणि त्यांनी तुम्हाला तपासलंय, मी नाही, त्यामुळे त्यांचा शब्द माझ्या वरचा.

आता आत काय होतं ते. बाळाला स्वतःला ॲलर्जीची रिॲक्शन येत नाही. ज्या अँटिबॉडीमुळे हे सगळं पेटतं ती आयजीई, आणि ती वार (प्लॅसेंटा) ओलांडून बाळाकडे जात नाही (जाते ती आयजीजी, बाळाला जन्मानंतर काही महिने आईची जी प्रतिकारशक्ती पुरते ती हीच). हिस्टामिनचंही (रिॲक्शनमध्ये शरीरात सुटणारं रसायन) तसंच, वार एक एन्झाइम ढिगाने बनवते, डायअमाइन ऑक्सिडेज नाव त्याचं, ते हिस्टामिनला वाटेतच मोडून टाकतं. म्हणजे आईच्या रक्तातलं काहीतरी विषारी बाळापर्यंत पोचलं असं जे लोकांच्या डोक्यात असतं ते तसं नाहीये. बाळाला धोका होतो तो मुख्यतः दोन वाटांनी, आईचं बीपी पडलं म्हणून आणि आईला श्वासातून ऑक्सिजन कमी मिळाला म्हणून.

बीपी पडतं कसं, तर मास्ट सेल्समधून (ॲलर्जीत पेटणाऱ्या पेशी) हिस्टामिन आणि त्याची भावंडं एकदम बाहेर पडतात, रक्तवाहिन्या सैल होतात आणि झिरपायला लागतात. जोराच्या रिॲक्शनमध्ये दहा मिनिटांत रक्तातला ३५ टक्क्यांपर्यंत द्रव वाहिन्यांमधून निसटून आजूबाजूच्या टिश्यूत जाऊ शकतो. बाहेर एक थेंब रक्त न सांडता झालेला रक्तस्रावच म्हणा. म्हणून सलाइन भराभर चढवतात.

आणि इथे गर्भपिशवीचं एक दुखणं आहे. मेंदू किंवा किडनीच्या रक्तवाहिन्या प्रेशर कमी झालं की स्वतः रुंद होऊन आपला पुरवठा बराच सांभाळतात. गर्भपिशवीच्या वाहिन्या गरोदरपणात आधीच जवळजवळ पूर्ण उघडलेल्या असतात, दिवस भरताना तिथून मिनिटाला ५०० ते ७०० मिली रक्त वाहत असतं, त्यांना अजून उघडायला जागाच उरलेली नसते. त्यामुळे आईचं बीपी जेवढं खाली तेवढा बाळाचा पुरवठा खाली, सरळ हिशोब. लाइनचं प्रेशर कमी झालं की सगळ्यात वरच्या मजल्यावरचा नळ आधी कोरडा पडतो ना, बाळ त्या मजल्यावर राहतं. त्यातून आईचं शरीर शॉकमध्ये गेलं की हृदय आणि मेंदू वाचवण्यासाठी बाकीच्या अवयवांचा पुरवठा तोडतं आणि त्या तोडलेल्यांत गर्भपिशवीही येते. म्हणून कधी कधी मशीनवर आईचं बीपी बरं दिसतं, ती बोलतेय, आणि पोटात बाळाचे ठोके मात्र उतरायला लागलेले असतात. प्रेग्नन्ट बाईला रिॲक्शन आली की तिच्याइतकंच लक्ष बाळाच्या पट्ट्यावर ठेवायचं ते याच्यासाठी. तुम्हाला तो बांधला, छान केलं.

डाव्या कुशीवर का वळवलं तेही सांगतो. साधारण २० आठवड्यांनंतर बाई उताणी झोपली की गर्भपिशवीचं वजन पाठीजवळच्या मोठ्या शिरेवर येतं, पायांकडून हृदयाकडे येणारं रक्त अडतं, आधीच पडलेलं बीपी अजून पडतं. नुसतं कुशीवर वळवून किंवा पोट हाताने डावीकडे सरकवून धरलं तरी फरक पडतो. फुकटातला उपाय आणि गडबडीत लोक नेमका हाच विसरतात.

पाळीसारखी कळ आली म्हणालात ती मनाची नव्हती. गर्भपिशवीतही मास्ट सेल्स असतात आणि हिस्टामिनने तिला आकुंचन येतं, त्यामुळे गरोदर बाईत पोटात पेटके, कमरेत कळ, कधी खाली खाज, ही सुद्धा रिॲक्शनची लक्षणं असतात. कधी त्यातून वेळेआधी कळा सुरू होतात, तोही बाळाला एक धोकाच.

आता बाळाची बाजू. बाळं वाटतात तेवढी लेचीपेची नसतात. त्यांचं हिमोग्लोबिन वेगळ्या प्रकारचं असतं, कमी ऑक्सिजनमधूनही जास्त ओढून घेतं. पुरवठा कमी झाला की बाळ आपलं रक्त मेंदू, हृदय आणि ॲड्रिनल ग्रंथींकडे वळवतं आणि बाकीच्यांना थोडं थांबायला लावतं. ही शिल्लक थोड्या वेळाला पुरते, लांबलं तर पुरत नाही. खूप वेळ बीपी पडलेलं राहिलं, उपचार उशिरा झाले, तर मग मेंदूला ऑक्सिजन न मिळून इजा होणं, बाळ पोटात दगावणं, हे होऊ शकतं, झालेलं आहे. आई ठणठणीत बरी आणि बाळाला मात्र इजा, अशाही केसेस छापून आल्यात.

हे किती दुर्मिळ तेही बघा. लाख बाळंतपणांत साधारण दीड ते चार बायकांना अशी गंभीर रिॲक्शन येते. ब्रिटनमध्ये २०१२ ते २०१५ अशी तीन वर्षं देशभरातल्या केसेस गोळा केल्या होत्या, ३७ सापडल्या, त्यातल्या दोघी दगावल्या. जगभरच्या केसेस बघितल्या तर मोठा वाटा बाळंतपणाच्या वेळी दिलेल्या औषधांचा असतो, त्यातही अँटिबायोटिक्स वरच्या नंबरला. बाकी भुलेतली स्नायू सैल करणारी औषधं, लॅटेक्सचे ग्लोव्हज, आणि बाहेर म्हणाल तर खाण्यातल्या गोष्टी, मधमाशी-गांधीलमाशीचा डंख.

जाऊबाईंना माझा नमस्कार सांगा, पण ॲड्रेनलिनच्या बाबतीत त्यांचं चुकतंय. त्यावर वेगळं लिहितो, पेशंट आला.

---

स्पष्टवक्ता

मी डॉक्टर नाही पण एक गोष्ट पटत नाही. ॲड्रेनलिनने रक्तवाहिन्या आवळतात हे आम्ही बारावीच्या बायोलॉजीत शिकलो. मग गर्भपिशवीच्या वाहिन्या पण आवळणार ना? वर डॉक्टर स्वतःच सांगतायत की पुरवठा कमी झाला की बाळाला धोका. मग जाऊबाईंचा मुद्दा अगदीच उडवून लावण्यासारखा आहे का? ॲलर्जीची गोळी किंवा स्टेरॉइडचं इंजेक्शन आधी देऊन बघता येत नाही का?

---

निद्राराक्षस

प्रश्न रास्त आहे आणि हीच भीती डॉक्टरांनाही वाटायची, म्हणून पूर्वी काही जण गरोदर बाईला एफेड्रिन द्यायचे. आता ते कुणी सुचवत नाही.

असं बघा, वाहिन्या आवळणं हीच तर त्या क्षणाची गरज आहे. सगळं शरीर सैल पडून बीपी कोसळलेलं आहे, अशा वेळी गर्भपिशवीकडे रक्त जातच नसतं, तिथल्या वाहिन्या थोड्या आवळतील या भीतीने बीपीच वर आणायचं नाही म्हणजे बाळाला दोन्हीकडून उपाशी ठेवायचं. ॲड्रेनलिनने बीपी वर येतं, घशाची सूज उतरते, श्वासनळ्या मोकळ्या होतात आणि मास्ट सेल्समधून पुढचं हिस्टामिन बाहेर पडणंही कमी होतं. चारही कामं एकदम करणारं दुसरं औषध नाही. डोस मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध, स्नायूत, आणि पाच मिनिटांत फरक पडला नाही तर परत. प्रेग्नन्सी असली तरी डोस तोच आणि वेळही तीच. औषध शरीरात काही मिनिटंच टिकतं आणि त्यातलं बरंचसं वारेतच मोडलं जातं.

ॲलर्जीची गोळी खाज आणि गांधी कमी करते. बीपी वर आणत नाही, घसा उघडत नाही, आणि गिळून लागू पडायलाच अर्धा-पाऊण तास जातो. स्टेरॉइडला तर काही तास. ती नंतरची औषधं आहेत. या रिॲक्शनमध्ये बायका आणि बाळं दगावतात ती बहुतेक वेळा ॲड्रेनलिन उशिरा मिळाल्याने, दिल्याने नाही. रानजाई, तुम्हाला दोन्ही डोस वेळेत मिळाले, तुमच्या बाळाला त्या दिवशी मिळालेलं सगळ्यात महत्त्वाचं औषध तेच होतं.

एक पोटप्रश्न राहिला होता, मेंदूवरचा परिणाम आत्ता दिसतो का. इजा होण्याइतका ऑक्सिजन कमी पडला तर ठोक्यांच्या पट्टीवर त्याच वेळी गडबड दिसते, ठोके खाली जातात, त्यांच्यातला नेहमीचा चढउतार सपाट होतो. नॉर्मल ठोके मिनिटाला ११० ते १६०. सुरुवातीला वाढलेले होते ते आईची धडधड, ॲड्रेनलिन, सगळ्यानेच वाढतात. ते खाली येऊन स्थिर झाले हे चांगलं चिन्ह. हवं असेल तर पुढच्या व्हिजिटला बाळाची वाढ आणि नाळेतल्या रक्तप्रवाहाचा डॉपलर बघतात का विचारा, बहुतेक बघतीलच.

---

स्पष्टवक्ता

ओके पटलं. बायोलॉजीचे मार्क परत करतो.

---

वाट_बघणारा_बाबा

धागा वाचून घाम फुटलाय कारण बायकोला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, आठवा महिना चालू आहे, घरात एपिपेन (ॲड्रेनलिनचं तयार इंजेक्शन) आहे पण वापरायची वेळ कधी आली नाही. मला दोन गोष्टी सांगा, पेन पोटाला लागून काही होईल का आणि मांडीत मारल्यावर ती बरी वाटते म्हणाली तर घरीच थांबलं तर चालेल का, कारण हॉस्पिटल म्हटलं की ती रडकुंडीला येते.

---

लेबररूम_ताई

मी लेबर रूमची सिस्टर. बाबा, पेन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, पोटाच्या जवळपासही जायचं नाही, कपड्यावरून मारलं तरी चालतं, जागेवर दाबून पाकिटावर लिहिलंय तेवढे सेकंद धरून ठेवायचं. अंगठा टोकावर ठेवू नका, घाबरलेला माणूस पेन उलटं धरतो आणि औषध स्वतःच्या अंगठ्यात जातं. आजच हातात घेऊन झाकण कुठलं सुई कुठली ते बघून ठेवा, एक्स्पायरी पण बघा.

घरी अजिबात थांबायचं नाही, बरी वाटली तरी. एक तर इंजेक्शनचा असर उतरला की रिॲक्शन काही तासांनी परत उसळू शकते, कधी दुसऱ्या दिवशीसुद्धा, ॲलर्जीचं कारण परत समोर न येता. आणि दुसरं वर डॉक्टरांनी सांगितलंच, आई बरी दिसतेय म्हणजे बाळ बरं आहे असं घरी बसून कळत नाही, त्याला पट्टा लावूनच बघावं लागतं.

आणि हे नीट वाचा. रिॲक्शन चालू असताना तिला चालवत गाडीपर्यंत न्यायचं नाही, अचानक उभं करायचं नाही. बीपी पडलेला माणूस उठून उभा राहिला आणि तिथेच कोसळला असं झालेलं आहे. डाव्या कुशीवर आडवं करा, फार दम लागत असेल तर टेकून बसवा, पाय लांब सोडून. ॲम्ब्युलन्सला फोनवर पहिलं वाक्य, गरोदर आहे, किती महिने, ॲलर्जीची रिॲक्शन. उलटी आली तर कुशीवर असल्यामुळे घशात जात नाही.

रडकुंडीला येऊ दे. रडत असेल तर श्वास चालू आहे, आम्ही तेवढ्यावर खूश असतो.

---

अळीमिळी

माझा प्रश्न छोटा आहे, नवीन धागा काढत नाही. चौतिसावा आठवडा, अंगावर एकही गांधी नाही पण तळहात आणि तळपाय रात्री इतके खाजतात की झोप लागत नाही. दोन_पिल्लं यांच्यासारखी सेटिरिझिन घेतली तर चालेल ना? ॲलर्जीच असणार.

---

लेबररूम_ताई

थांब, ही ॲलर्जी नसेल. पुरळ नाही, तळहात-तळपाय, रात्री जास्त आणि शेवटची तिमाही, हे यकृतातलं पित्त नीट वाहत नसल्याचं लक्षण असू शकतं, कोलेस्टॅसिस म्हणतात. उद्यापर्यंत गायनॅकला सांग आणि रक्तातली बाइल ॲसिड्स आणि लिव्हरची टेस्ट करून घे. बाइल ॲसिड १०० च्या वर गेलं तर बाळ पोटात दगावण्याचा धोका वाढतो, त्यामुळे आकडा बघून बाळंतपण कधी करायचं ते ठरवतात. गोळी घेऊन खाज दाबू नकोस आणि टेस्ट टाळू नकोस. बहुतेकींचा आकडा तेवढा वर जात नाही, घाबरू नकोस, पण जा.

---

रानजाई

सगळ्यांचे खूप आभार, रात्री नवऱ्याला वाचून दाखवलं, जाऊबाईंना स्क्रीनशॉट पाठवलाय, अजून ब्लू टिक आहे, उत्तर नाही 😄

अजून थोडं विचारू का. माझं बीपी गेल्या महिन्यापासून जरा वर राहतं म्हणून लेबेटॅलॉल चालू आहे, त्याचा याच्याशी काही संबंध? आणि बाळालाही ही ॲलर्जी होणार का? सासूबाई म्हणतायत आता ॲलर्जी होण्यासारखं काहीच खायचं नाही बाळंतपण होईपर्यंत, त्यांनी यादीच केलीय. आणि डिलिव्हरीच्या वेळी परत अँटिबायोटिक लागलं तर काय.

---

निद्राराक्षस

लेबेटॅलॉलचं सांगितलंत ते बरं केलंत. तो बीटा ब्लॉकर आहे. ॲड्रेनलिन ज्या रिसेप्टरवर जाऊन काम करतं त्यातले काही हा आधीच अडवून बसलेला असतो, त्यामुळे चालू असताना रिॲक्शन आली तर ॲड्रेनलिन कमी लागू पडू शकतं. तुम्हाला दोन डोस लागले त्यामागे हे होतं की नाही ते सांगता येणार नाही, एका डोसवर न भागणाऱ्या इतरही बायका असतात. अशा पेशंटला ॲड्रेनलिनला दाद मिळत नसेल तर ग्लुकॅगॉन देतात, ते वेगळ्या दाराने काम करतं. पण गोळी मनाने बंद करू नका हां, गरोदरपणात वाढलेलं बीपी हा बाळाला रोजचा धोका आहे. फक्त गायनॅकना विचारा की रिॲक्शननंतर हेच औषध ठेवायचं की निफेडिपिनसारखं दुसरं, आणि जिथे जाल तिथे लेबेटॅलॉल चालू आहे हे पहिल्या वाक्यात सांगा.

बाळाला तुमची ॲलर्जी जशीच्या तशी मिळत नाही. घराण्यातून येते ती ॲलर्जीकडे झुकणारी प्रकृती, आणि औषधाच्या ॲलर्जीत तर तेही फारसं नाही. यादीचं म्हणाल तर आईने गरोदरपणात ॲलर्जीचे पदार्थ टाळल्याने बाळाची ॲलर्जी टळते याला पुरावा नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सने २००० साली तसा सल्ला दिला होता आणि २००८ मध्ये मागे घेतला. जे तुम्हाला स्वतःला चालत नाही तेवढंच टाळा. सासूबाईंशी भांडू नका, यादी फ्रिजवर लावा आणि जेवा.

डिलिव्हरीचं मात्र नीट ठरवायला हवं. गोळीचं नाव काय होतं? स्ट्रिप आहे का जवळ?

---

रानजाई

आहे, पर्समध्येच राहिली होती. सेफिक्झिम २०० लिहिलंय.

---

निद्राराक्षस

मग हे महत्त्वाचं आहे. सिझरच्या आधी इन्फेक्शन होऊ नये म्हणून जे अँटिबायोटिक सगळ्यात जास्त ठिकाणी देतात ते सेफॅझोलिन, म्हणजे तुमच्या गोळीच्याच खानदानातलं. खानदान एक असलं म्हणून रिॲक्शन येईलच असं नाही, रेणूच्या बाजूच्या साखळ्या वेगळ्या असल्या की बऱ्याचदा चालतं, सेफॅझोलिनची साखळी तर सगळ्यांपेक्षा वेगळी आहे. पण ते टेबलावर झोपल्यावर घाईत ठरवायची गोष्ट नाही, आधी ठरलेलं असलं पाहिजे. लागलं तर क्लिंडामायसिनसारखे दुसरे पर्याय आहेत. सिझरच नव्हे, नॉर्मलमध्येसुद्धा काही बायकांना कळा चालू असताना पेनिसिलिन द्यावं लागतं, तेही याच मोठ्या कुटुंबातलं.

ॲलर्जीतज्ज्ञांची अपॉइंटमेंट आत्ताच घ्या. स्किन टेस्ट गरोदरपणात शक्यतो पुढे ढकलतात कारण टेस्टमधूनच रिॲक्शन यायची थोडी शक्यता असते, पण कागद बघून, हकिकत ऐकून ते तुमच्या भूलतज्ज्ञांना लेखी सल्ला देऊ शकतात. हॉस्पिटलमध्ये रिॲक्शनच्या वेळी ट्रिप्टेजसाठी (मास्ट सेल्समधून रक्तात सुटणारं एन्झाइम) रक्त घेतलं होतं का विचारा. ती टेस्ट पहिल्या काही तासांतच घ्यावी लागते, घेतली असेल तर दुसरा नमुना सगळं शांत झाल्यावर लागतो, तो २४ तासांनंतर कधीही चालतो, म्हणजे अजून वेळ गेलेली नाही. बाळंतपणानंतर पूर्ण तपासणी करून घ्याच, नाहीतर आयुष्यभर फाइलवर ‘सगळी अँटिबायोटिक्स चालत नाहीत’ असा शिक्का बसतो. पेनिसिलिनची ॲलर्जी आहे असं सांगणाऱ्यांतले दहातले नऊ तपासणीत ॲलर्जिक निघत नाहीत, पण तो शिक्का कुणी पुसत नाही.

---

लेबररूम_ताई

फाइलवर नुसतं ‘अँटिबायोटिक ॲलर्जी’ लिहू देऊ नकोस हं. सेफिक्झिम, घेतल्यावर किती वेळाने, काय काय झालं, बीपी किती, ॲड्रेनलिनचे किती डोस, हे सगळं पहिल्या पानावर लाल पेनाने. डिस्चार्ज कार्डची झेरॉक्स मागे. ॲडमिट होशील तेव्हा प्रत्येक शिफ्टच्या सिस्टरला परत सांगायचं, कंटाळा करायचा नाही, आम्ही पण माणसं आहोत, विसरतो. हातात ॲलर्जीचा लाल बँड मागून घे. ग्लोव्हज किंवा फुगा फुगवताना कधी ओठ-हात सुजले असतील तर तेही सांग, लॅटेक्ससाठी.

बाळाची हालचाल अठ्ठावीस आठवड्यांनंतर ठरल्यासारखी व्हायला लागते, तेव्हा रोज एका वेळी लक्ष ठेव. नेहमीपेक्षा कमी वाटली तर गोड खाऊन बघ, पाणी पिऊन बघ असं करत बसू नकोस, येऊन पट्टा लावून घे. कुणी हसणार नाही.

---

अळीमिळी

रिपोर्ट आला, बाइल ॲसिड ४६. गोळ्या चालू केल्यात, आठवड्याने परत टेस्ट, आणि एनएसटी (पट्टा लावून बाळाचे ठोके बघायची टेस्ट) पण सांगितलीय. ताई थँक यू, मी खरंच सेटिरिझिन आणायला निघाले होते.

---

रानजाई

अळीमिळी, काळजी घे गं, रिपोर्ट इथे टाकत जा.

माझी ॲलर्जीतज्ज्ञांची अपॉइंटमेंट गुरुवारची मिळाली. ट्रिप्टेज पहिल्याच तासात घेतलं होतं असं हॉस्पिटलने सांगितलं, दुसरा नमुना उद्या देतेय. गायनॅक म्हणाल्या लेबेटॅलॉलच्या जागी निफेडिपिनचा विचार करू, पण आधी दोन दिवसांचं बीपी लिहून आणा. आणि जाऊबाईंचा मेसेज आला शेवटी, फाइलचं पहिलं पान त्याच लिहून देणार आहेत म्हणे, अक्षर चांगलं आहे त्यांचं.